सटवोजी पारखी यांनी जत्रेत माध्वी पारखिली त्याची हकीकत

श्री मोहळाई प्रसन्न. जिच्या दारी माशी गुणगुणते आणि माणूस मुकाट उभा राहतो, तीस दंडवत, आणि साहेबांस त्रिवार मुजरा. साहेबीं आज्ञा केली जे, मागील राज्यात माध्वीची पारख कैसी जाहली आणि त्यातून पुढे काय अनर्थ उद्भवला, तो मजकूर तुम्हांस पुरता ठाऊक, तरी पदरचे काही न घालता लिहून द्यावा. आज्ञा शिरसावंद्य. लिहिणाराचे नाव मात्र विचारू नये. लिहिणारा त्या दरबारी कागद लिहीत होता, त्याने सर्व डोळां पाहिले आणि पाहोन उगा राहिला, इतके सांगितले म्हणजे पुरे. अक्षर वाकडे आले तर माफी असावी.

शके सोळाशे पंचाहत्तर, श्रीमुखनाम संवत्सर, चैत्र मास. ते समयी थोरले महाराज कैलासवासी होऊन दोन वर्षे लोटली होती आणि धाकटे महाराज गादीवर होते. वय पंचविशीचे, रूप देखणे, हात सढळ, परंतु तोंडातून निघालेला शब्द मागे घेणे ही गोष्ट त्यांस जन्मापासून ठाऊक नाही. राज्यास तिन्हीकडे डोंगर, डोंगरात तीन घाट, आणि घाट राखणार डोंगरकरी लोक, त्यांचा नाईक केरोजी. हे लोक सनद मानीत नसत, कागद पाहिला की हसत. त्यांची रीत एकच, जे दर साली मोहळाईचे जत्रेस नाईकांनी डोंगर उतरून यावे आणि महाराजांनी व नाईकांनी एका वाटीतून माध्वी प्यावी, की मग वर्षभर घाट बंद, परक्याचा कुत्रासुद्धा आत येणे नाही. अट इतकीच, जे माध्वी खरी पाहिजे. खरी म्हणजे मोहळाचा मध, झऱ्याचे पाणी आणि दिवस, चौथे काही नाही. मध पाण्यात पडावा, मडक्यात बसावा, आपले आपण फसफसावा आणि वर्षभराने मद्य होऊन उठावा. भलत्याच दारूत मागाहून मध कालविला तर ती माध्वी नव्हे, आणि तिजवर घेतली शपथ ती शपथ नव्हे. म्हणोन दरबारी एक पारखी असे. त्याने जत्रेत हिंडून खरी माध्वी निवडावी, शपथेचे वेळी पहिला घोट आपण घ्यावा आणि सर्वांदेखत "खरी" ऐसे म्हणावे. पारख चुकली अगर पारखी खोटे बोलिला तर त्याची जीभ छाटावी, हा हुकूम आज्यापणज्यांपासूनचा. पूर्वी एकाची छाटिली होती. तो पुढे वीस वर्षे बाजारात भाकरी मागत फिरे, आणि भाकरी हा शब्द त्यास हातांनी करून दाखवावा लागे.

त्या काळचे पारखी सटवोजी. वय साठ, अंगाने काटकुळे, स्वभावाने इतके भित्रे की शिंक आली तरी इकडेतिकडे पाहोन शिंकत. परंतु जीभ ऐसी की माध्वीचा थेंब लाविला तर मध कोणत्या फुलाचा आणि मडके कोणत्या मातीचे, दोन्ही सांगावे. जिभेस जपावे म्हणोन तीस वर्षे मिरची नाही, कांदा नाही, तंबाखू नाही. पूर्वी हे काम सोपे होते, कारण जत्रेत माध्वी विकणारे चौघेच, आणि चौघेही देवीस भिऊन असत. धाकट्या महाराजांस वाटले, आपली जत्रा दहा मुलखांत गाजावी. म्हणोन दवंडी पिटविली जे, माध्वी विकणारास मानाची पगडी मिळेल. मग काय विचारता! चैत्री पौर्णिमेस बेचाळीस पाल पडले, प्रत्येकावर माध्वीचे निशाण, आणि प्रत्येकजण गळा काढून ओरडतो जे, खरी इथेच, बाकी सर्व लबाड.

पहिलेच दिवशी महाराज जत्रा पाहावयास निघाले आणि कारभारी सुभानराव यांनी त्यांस थेट आपल्या मेहुण्याचे पालावर नेले. तेथे गालिचा, अत्तर, काचेच्या सुरया, आणि सुरयांत सोन्यासारखा पिवळा रस. महाराजांनी एक घोट घेतला आणि मान डोलावून बोलिले, "वाहवा! हीच खरी माध्वी!" त्याबरोबर कर्णे वाजले आणि लोकांनी जयजयकार केला. सटवोजी माझे शेजारी उभे होते. त्यांनी माझे मनगट ऐसे धरिले की बोटांचे वळ उठले, आणि हळूच पुसिले, "लेखक, महाराज हे सहज बोलिले की हुकूम जाहला?" मी म्हणालो, "कर्णे वाजले ना? आता हुकूमच." 

तरी आपले काम म्हणोन ते दोन दिवस जत्रा हिंडले आणि मी दौत घेऊन मागे. एके पाली गुळाचे पाणी आंबवून त्यास मधाचे बोट लाविले होते आणि विकणारा पोरांची शपथ वाहत होता. दुसरे ठिकाणी मोहाची दारू, तिचा नुसता वास घेऊन सटवोजी "राम राम" म्हणोन पुढे चालिले. एकाचा मध खरा, पाणीही खरे, परंतु उकळून उकळून फुलाचा जीव घेतलेला. एकाचे सर्व यथास्थित पण अवघ्या पंधरा दिवसांचे, त्यास सटवोजी बोलिले, "पोर आहे अजून, निजू द्या." एकाने मधाबरोबर जांभळे घातली होती. ती सटवोजींनी दोन वाट्या प्राशन केली, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "फक्कड आहे. पण ही जांभळाची. जांभळाची म्हणोन विका, मी रोज येईन. माध्वी म्हणू नका." तो विकणारा चिडला. म्हणाला, "अहो, मध पडला की माध्वी! तुमचे काय जाते?" सटवोजी म्हणाले, "जीभ जाते, बाबा." शेवटी जीव मुठीत धरून कारभाऱ्यांचे मेहुण्याचे पालावर गेले, थेंब जिभेवर घेतला, आणि बाहेर येऊन माझे कानात सांगितले, "द्राक्षाची दारू आहे, परमुलखातून आणविलेली. मध आज सकाळी कालविला. अजून तो मधच आहे, मद्य जाहलाच नाही. माशीस दाविला तर माशी परत घेऊन जाईल."

मग तिसऱ्या प्रहरी जत्रेच्या अगदी टोकास, जेथे बैल बांधतात तेथे, करंजाखाली एक डोंगरकरीण म्हातारी बसली होती, नाव गोजी. निशाण नाही, ओरडणे नाही, पुढे तीन मडकी, तोंडे मातीने लिंपलेली. सटवोजींनी एका मडक्यास कान लाविला, मग वाटी मागितली, मग घोट घेतला आणि मटकन खाली बसले. मला म्हणाले, "घ्या." मी घेतला. आधी वाटले पाणीच आहे, मग कोरडे, मग थोडे कडसर, आणि गिळल्याउपरी घशात कारवीचे फूल फुलले ते उतरेचना. मी म्हातारीस पुसिले, "आजी, ही गोड का नाही?" ती मजकडे पाहोन म्हणाली, "गोडी त्यानं खाल्ली, बाबा. वरीसभर मडक्यात बसून त्यानं दुसरं काय करावं? ग्वाड पायजे तर जिलेबी घे जा, त्या अंगाला हाय." मी हसलो, पण सटवोजी रडत होते. मी म्हणालो, "अहो, सापडली की!" ते म्हणाले, "सापडली हाच घात जाहला, लेखक. सापडलीच नसती तर त्यातल्या त्यात बरी म्हणोन त्या मेहुण्याची पुढे केली असती. आता मला माहीत नव्हते ऐसे कोणत्या तोंडाने म्हणू?"

तिसरे दिवशी दोन प्रहरानंतर शपथ व्हावयाची. सकाळी सटवोजींनी मनाशी एक युक्ती योजिली. मी बोललो तर जीभ जाईल, पण मुंगी बोलली तर मुंगीचे काय जाणार? ऐसा विचार करून त्यांनी महाराजांसमोर उन्हात एक पाटा मांडिला, त्यावर एकीकडे मेहुण्याची आणि दुसरीकडे गोजीची, दोन्हींचे चार चार थेंब सोडिले आणि हात जोडून उभे राहिले. घटकाभरात मेहुण्याचे थेंबांवर मुंग्यांची रांग लागली, काळी मिचकूट, आणि गोजीचे थेंबांकडे एक मुंगी फिरकली नाही. सटवोजींचे डोळ्यांत आशा दिसली, कारण ज्याची गोडी अजून तशीच ती कालवलेली, हे मुंगीने दाखविले होते. तेव्हा कारभारी पुढे आले, पाट्यावर वाकून पाहिले आणि टाळी वाजवून बोलिले, "वा पारखी! मध कोणता हे मुंगीहून अधिक कोण जाणेल? मुंग्यांनी आमचीच खरी म्हटली!" सर्व सभा म्हणाली, "खरे आहे, खरे आहे." हे साहेब, मीही म्हणालो. महाराजांनी गोजीची वाटी उचलिली, नाकाशी नेली, बहुत वेळ तैसीच धरिली आणि न पिता खाली ठेविली. मग म्हणाले, "मुंगीने सांगितले, आम्हीही सांगितले. आता पारखी सांगतील." इतके बोलोन उठून गेले. कारभारी सटवोजींचे जवळून जाताना हसत हसत म्हणाले, "सटवोजीबाबा, एकच शब्द आहे. अडखळू नका. शिपाई सुरी परजून बसला आहे, त्यास उगाच त्रास कशाला?"

सटवोजी घरी जेवावयास गेले आणि मला सोबत नेले, कारण एकट्याने चालवेना. त्यांची बायको लाडूबाई हिने ताट वाढिले, पण ते घास हातीच धरून बसले. तिने सर्व ऐकून घेतले आणि म्हणाली, "मग म्हणा खरी. एवढासा तर शब्द." ते म्हणाले, "अगं, नाईक पहिल्या घोटास ओळखील. घाट उघडा पडेल. मुलूख बुडेल." ती म्हणाली, "तुम्ही खोटी म्हणालात तर काय, महाराज तुमची पालखी काढतील? जीभही जाईल आणि वाटीत तीच पडेल. तीस वर्षे या घरात मिरची आली नाही. तुमचे जिभेपायी मी अळणी खाऊन म्हातारी जाहले, ती काय एका शिपायाने कापून न्यावी म्हणोन? घाट राजाचे आहेत. जीभ आपली आहे." मग ती पदर तोंडास लावून रडो लागली, आणि सटवोजींनी हातचा घास तिचे पानात ठेविला व म्हणाले, "बरे, म्हणेन खरी. रडू नकोस." मजला वाटले, चला, सुटले. खरे सांगतो, साहेब, मला आनंदच जाहला.

दोन प्रहर टळता देवीपुढे मंडप भरला. महाराज बसले, कारभारी उभे, शिपाई सुरी घेऊन खांबाशी. केरोजी नाईक आले, खांद्यास घोंगडी, मागे तीस माणूस. नाईक सटवोजींस पाहोन म्हणाले, "काय पारखीबाबा, बरं हाय नव्हं?" सटवोजींनी मान हालविली. मग मेहुण्याची सुरई आणिली, वाटी भरली आणि पहिला घोट सटवोजींनी घेतला. मंडपात पाचशे माणूस.  सटवोजींनी काही म्हटले ते कोणास ऐकू गेले नाही. कारभारी म्हणाले, "मोठ्याने." तेव्हा सटवोजी डोळे मिटून बोलिले, "खरी." मी कागदावर खरी ऐसे लिहिले आणि तेथेच शाईचा डाग पडला. महाराज अर्धी वाटी प्याले व उरलेली त्यांनी नाईकांचे हाती दिली. नाईकांनी वाटी तोंडाशी नेली आणि त्यांचे नाक हालले. त्यांनी एकवार सटवोजींकडे पाहिले, एकवार सुरीकडे पाहिले, महाराजांकडे पाहिले, आणि सर्व वाटी गटागटा पिऊन मिशी पुसली.  नाईक हसून म्हणाले, "ग्वाड हाय." इतकेच. खरी म्हटले नाही, खोटीही म्हटले नाही. कर्णे वाजले. शपथेउपरी नाईकांनी पंगतीस बसावयाचे ही चाल होती, पण त्यांनी घोंगडी सावरली आणि तीसही माणसांसह उन्हातच डोंगराची वाट धरिली, आणि पंगतीस का बसला नाहीत म्हणोन विचारण्याची कोणाची छाती जाहली नाही.

त्याउपरी राज्यात एक चमत्कारिक भय पसरले. जो तो ज्याला त्याला आपण होऊन सांगे, काय गोड होती माध्वी! काय गोड होती! सोनार सांगे, न्हावी सांगे, शास्त्री सांगत. कोणी न विचारता सांगत, आणि सांगताना डोंगराकडे पाहत नसत. मेहुण्यास पगडी मिळाली. गोजी म्हातारी आपली मडकी घेऊन गेली, केव्हा गेली ते कोणी पाहिले नाही. सटवोजी घराबाहेर पडेनात. मी एकदा गेलो तो अंगणात बसून जीभ बाहेर काढून आरशात पाहत होते. मला म्हणाले, "लेखक, आहे ना हो?" मी म्हणालो, "आहे." ते म्हणाले, "चव गेली. त्या दिवसापासून दूध आणि ताक मला एकच."

वैशाख वद्य नवमीस वर्तमान आले जे, मधला घाट उघडा आहे, वर पहारा नाही, आणि परक्याची फौज उतरत आहे. साहेबांचीच फौज ती. साहेबांचे येणे या मुलखाचे भाग्याचे जाहले, हे वेगळे लिहावयास नको. महाराजांनी नाईकांकडे जासूद पाठविला जे, तुम्ही शपथ घेतली होती. जासूद उत्तर घेऊन आला: "आम्ही सरबत प्यालो. माध्वी कुनी दिली हुती?" तेव्हा महाराजांनी दरबार भरविला. अर्धा मंडप रिकामा. कारभारी बायकोला माहेरी पोहोचवावयास गेले ते गेलेच, सुरीवाला शिपाई सुरी टाकून पळाला होता. सटवोजींस बोलाविले. ते आले, आणि नवल हे की त्या दिवशी एकटेच चालत आले. महाराज बोलिले, "तू खरी म्हणालास." सटवोजी म्हणाले, "खोटी होती, महाराज. द्राक्षाची दारू होती, वर मध कालविलेला." महाराज म्हणाले, "मग तेव्हा का नाही सांगितलेस?" सटवोजी म्हणाले, "आपणांस भ्यालो." मग महाराज आम्हां सर्वांकडे वळले आणि पुसिले, "तुम्हांपैकी आणिक कोणास ठाऊक होते?" कोणी मान वर करीना. मीही केली नाही. मान वर न करणे हेच उत्तर जाहले.

 आम्हांस वाटले, आता सर्वांच्याच जिभा जाणार. मग महाराज गादीवरून उतरून पायरीवर बसले आणि सटवोजींस जवळ बोलाविले. म्हणाले, "मी सात वर्षांचा असता तीर्थरूप आबासाहेबांनी शपथेचे वाटीत बोट बुडवून माझ्या जिभेस लाविले होते. मी कडू म्हणोन थुंकलो आणि आबासाहेब हसले. मागील साली गादीवरून मीही तीच वाटी प्यालो. ती चव कोण विसरेल? त्या मेहुण्याचे पालावर पहिल्याच घोटास मला कळले, सटवोजी. पण तोवर मी वाहवा म्हणोन चुकलो होतो. कर्णे वाजले. तुम्ही सर्व माझ्या तोंडाकडे पाहत होतां. मुंग्यांचे वेळी गोजीची वाटी नाकाशी नेली तेव्हा मनात आले, हा म्हातारा आता तरी बोलेल आणि मी सुटेन." सटवोजी म्हणाले, "आणि मला वाटले महाराज बोलतील." महाराज म्हणाले, "मी कसा बोलू? मी तुम्हांस भ्यालो." त्या वेळी पहिल्या तोफेचा आवाज आला आणि मंडपाचे छतावरून माती पडली, आणि दोघेही तैसेच पायरीवर बसून राहिले.

येणेप्रमाणे मजकूर डोळां पाहिला तैसा लिहिला. सटवोजींची जीभ शाबूत आहे, राज्य नाही. एकंदर तात्पर्य इतकेच जे, त्या जत्रेत बेचाळीस पाल होते, आणि खरी कोणती हे राज्यात सर्वांस ठाऊक होते.